देवत्वाचे साक्षीदार : सेनेकाची एक उपहासिका

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात गल्लियो नावाचा एक रोमन अधिकारी क्षणभर आपल्यासमोर येतो. करिंथ येथील संत पौलाच्या विरोधकांनी त्याला या अधिकाऱ्याच्या न्यायासनापुढे उभे केलेले असते. हा तुमच्या धर्मशास्त्रातील घरगुती वाद आहे, रोमन न्यायाधीशाचा त्याच्याशी संबंध नाही, असा पवित्रा घेऊन गल्लियो सर्वांना घालवून देतो. पौलाला तोंड उघडावेही लागत नाही. पुनरुत्थानकाळातील मिस्सात हे वाचन आपण ऐकतो आणि गल्लियोला विसरून पौलाबरोबर पुढच्या प्रवासाला निघतो. परंतु या गल्लियोचा एक भाऊ होता. त्याचे नाव सेनेका. रोमचा हा नामवंत तत्त्वचिंतक नीरोचा गुरू होता आणि लॅटिन गद्याच्या श्रेष्ठ शैलीकारांमध्ये त्याची गणना होते.

या दोघा भावांनी एकाच प्रसंगावर केलेले दोन विनोद इतिहासकार कॅसियस डिओ याने एकत्र नोंदविले आहेत. इ.स. ५४ च्या १३ ऑक्टोबर रोजी सम्राट क्लॉडियस मरण पावला. आपल्या मराठी बायबलमधील क्लौद्य कैसर तो हाच. पत्नी अग्रिपिना हिने अळंब्यांतून विष घातले, अशी वदंता त्या काळीच पसरली होती. रोमच्या सिनेटने ठराव करून या मृत सम्राटाला देव ठरविले. त्यावर गल्लियो म्हणाला की, क्लॉडियसला आकड्याने ओढून स्वर्गात नेले. रोममध्ये देहदंड दिलेल्यांची प्रेते आकड्याने ओढत नेऊन टायबर नदीत फेकीत, त्याला उद्देशून हा टोमणा होता. सेनेकाने मात्र एक संपूर्ण उपहासिकाच लिहिली. तिचे डिओने दिलेले नाव ‘अपोकोलोकिंटोसिस’ असे आहे. देव होणे या अर्थी ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्यातील देवाला बाजूला सारून सेनेकाने तेथे भोपळा बसविला. मराठीत या शब्दाला ‘भोपळीकरण’ म्हणता येईल. भ्रमाचा भोपळा फुटतो हे ठाऊक असलेल्या आपल्या भाषेला हा विनोद परका वाटू नये.

उपहासिकेचे मर्म कळण्यासाठी रोममध्ये देव कसा घडविला जात असे, हे आधी पाहिले पाहिजे. जुलियस सीझरच्या वधानंतर, इ.स.पूर्व ४२ मध्ये, सिनेटने त्याला अधिकृतपणे देवत्व बहाल केले. त्याचा दत्तकपुत्र ऑक्टेव्हियन, म्हणजेच पुढचा ऑगस्टस, त्यामुळे ‘देवपुत्र’ झाला आणि ही पदवी त्याच्या नाण्यांवर झळकू लागली. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला, तेव्हा तोही त्याच वाटेने गेला. या वाटेला ठरलेले टप्पे होते. सम्राट मेल्यावर सिनेटने ठराव करायचा, त्याच्या नावापुढे ‘दिवुस’ ही उपाधी लावायची, मंदिर बांधायचे, पुरोहित नेमायचे आणि यज्ञ सुरू करायचे. या कामी साक्षीदारही लागे. ऑगस्टसचा आत्मा स्वर्गात जाताना आपण डोळ्यांनी पाहिला, अशी शपथ नुमेरियस अ‍ॅटिकस नावाच्या एका सिनेटरने घेतली. त्याबद्दल ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिने त्याला दहा लाख सेस्टर्स दिले, असे डिओ सांगतो. पुढे कॅलिग्युलाची बहीण द्रुसिला मरण पावली, तेव्हा तिच्यासाठीही असाच एक साक्षीदार मिळाला आणि त्यालाही असेच बक्षीस मिळाले. या साक्षीदारांकडे वाचकांनी लक्ष ठेवावे, कारण त्यांच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

सेनेकाची उपहासिका सुरू होते ती याच साक्षीदाराची टर उडवीत. निवेदक म्हणतो की, स्वर्गात त्या दिवशी काय घडले ते मी खरेखुरे सांगणार आहे. पुरावा हवा असेल, तर द्रुसिलाला स्वर्गात जाताना ज्याने पाहिले त्याला विचारा. त्याच रस्त्याने लंगडत जाणारा क्लॉडियसही त्याला दिसला असेलच. पहिल्याच परिच्छेदात शपथेवरील साक्षीचा असा फज्जा उडतो आणि वाचक लेखकाच्या बाजूचा होतो.

पुढील कथा थोडक्यात अशी. क्लॉडियस स्वर्गाच्या दाराशी येतो. त्याचे बोलणे कोणत्याही भाषेतले वाटत नाही. राक्षसांना लोळविणारा हर्क्युलिसदेखील त्याला पाहून दचकतो आणि आपल्यापुढे तेरावे दिव्य वाढून ठेवले आहे की काय, या शंकेने हवालदिल होतो. मग देवांची सभा भरते. ती हुबेहूब रोमन सिनेटसारखी चालते. तीत क्रमाने मते विचारली जातात, सूचना मांडल्या जातात आणि पाठिंब्यासाठी हर्क्युलिस या बाकावरून त्या बाकावर धावपळ करतो. शेवटी ऑगस्टस उठतो. देव झाल्यापासून त्याने सभेत तोंड उघडण्याची ही पहिलीच वेळ असते. आपल्या कुळातील किती जणांना या माणसाने मारले, याचा पाढा तो वाचतो. ठराव संमत होतो आणि क्लॉडियसची स्वर्गातून हकालपट्टी होते. पाताळाच्या वाटेवर, पवित्र मार्गावरून जाताना, त्याला स्वतःचीच अंत्ययात्रा दिसते आणि तेव्हा कोठे आपण मेलो आहोत हे त्याच्या ध्यानात येते. पाताळात त्याने मारलेली माणसे त्याची वाट पाहत उभी असतात. तेथे सेनेका आकडा देतो : ३५ सिनेटर आणि २२१ सरदार, इतरांची तर गणतीच नाही. न्यायनिवाडा करताना क्लॉडियस दुसरी बाजू ऐकून घेत नसे, म्हणून त्याचीही बाजू न ऐकता शिक्षा सुनावली जाते. फाशांचा नाद असलेल्या या सम्राटाने बूड नसलेल्या पेल्यात फासे खुळखुळवीत अनंतकाळ बसायचे.

गद्य आणि पद्य यांची सरमिसळ असलेला हा छोटासा ग्रंथ वाङ्मयीन दृष्ट्या फार चतुर आहे. इतिहासलेखनाची ऐट, महाकाव्याची भारदस्त भाषा, सिनेटच्या कामकाजाची रूक्ष परिभाषा या सर्वांचे विडंबन तो एका दमात करतो. रॉबर्ट ग्रेव्हज याने क्लॉडियसवरील आपल्या कादंबरीच्या शेवटी त्याचे भाषांतर जोडले, त्यामुळे इंग्रजी वाचकांत तो पुष्कळ परिचित झाला. स्वतःच्या अंत्ययात्रेचा प्रसंग आणि बूड नसलेला पेला या दोन कल्पना कोणत्याही काळातील उपहासकाराला हेवा वाटावा अशा आहेत. शिवाय मृतांच्या गर्दीचा प्रसंग येतो, तेव्हा हसता हसता वाचक एकदम गंभीर होतो. ज्याला देव म्हणायचे त्याच्या हातांना रक्त लागले आहे, हे सेनेका विसरू देत नाही. हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही.

तरीही ग्रंथ मिटविल्यावर मन निवत नाही. त्याची कारणे ग्रंथातच आहेत.

पहिले कारण म्हणजे हसण्याचा विषय. क्लॉडियस लंगडत असे, त्याची मान हले, बोलताना शब्द अडखळत. लहानपणापासून स्वतःच्या कुटुंबातही त्याला यापायी हिणविले गेले होते. सेनेकाच्या विनोदापैकी बराचसा भाग या व्यंगांवर पोसलेला आहे. सम्राटाच्या क्रौर्याला हसणे वेगळे आणि त्याच्या पायाला हसणे वेगळे. पहिल्यात न्यायबुद्धी असते. दुसऱ्यात फक्त बलवंतांच्या मेजवानीतील क्रूर करमणूक असते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. देवांच्या सभेत दोन निरनिराळे प्रश्न उपस्थित होतात आणि सेनेका त्यांची चलाखीने अदलाबदल करतो. आधी जानुस हा देव बोलतो. देव होणे ही एकेकाळी मोठी गोष्ट होती, आता तिचा तमाशा झाला आहे, तेव्हा आजपासून कोणाही मर्त्य माणसाला देव करू नये, अशी त्याची सूचना असते. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. परंतु सभा ज्यावर निर्णय देते ती सूचना ऑगस्टसची असते आणि तिचा रोख एकाच व्यक्तीवर आहे. क्लॉडियस नालायक आहे, म्हणून त्याला घालवा, एवढेच तिचे सार. असले देव कराल तर तुम्हा देवांवर कोणाचा विश्वास उरणार नाही, असेही ऑगस्टस बजावतो. त्याला चिंता आहे ती देवमंडळाच्या पतीची. आणि हे सांगणारा कोण? तो स्वतःच सिनेटच्या ठरावाने आणि दहा लाखांच्या साक्षीने देव झालेला माणूस आहे. सेनेकाने पुढे लवकरच नीरोला उद्देशून दयेवर ग्रंथ लिहिला, त्यात ऑगस्टसच्या तारुण्यातील रक्तपाताची कबुली आहे. उपहासिकेत मात्र त्याच ऑगस्टसच्या तोंडी फिर्यादीचे भाषण येते आणि त्याच्या देवत्वाला धक्कादेखील लागत नाही. अशा रीतीने जानुसचा प्रश्न विनोदाच्या गडबडीत मागच्या दाराने निघून जातो.

तिसरे कारण नीरोचे आहे. क्लॉडियसचा आयुष्यतंतू तुटत असतानाच दैवदेवता नीरोसाठी सोन्याचा धागा कातू लागतात. अपोलो स्वतः गाऊन त्यांना साथ देतो आणि हा तरुण रूपाने व कंठाने आपल्यासारखाच आहे, अशी ग्वाही देतो. काही अभ्यासक म्हणतात की, सोळा वर्षांच्या नव्या सम्राटापुढे आदर्श ठेवण्यासाठी गुरूने योजलेली ही युक्ती होती. तसे मानले तरी एक गोष्ट उरतेच. एका देवाला भोपळा ठरविणाऱ्या ग्रंथातच दुसऱ्याला देवासारखा ठरविण्याची सुरुवात झाली आहे. या सोन्याच्या धाग्याचे पुढे काय झाले, ते आपण जाणतो. रोममधील ख्रिस्ती लोकांचा नीरोने केलेला छळ, परंपरेनुसार त्याच छळात संत पेत्र व संत पौल यांनी पत्करलेले मरण, आणि इ.स. ६५ मध्ये खुद्द सेनेकाला नीरोच्या आज्ञेने करावी लागलेली आत्महत्या.

सर्वांत खुपणारी बाब ग्रंथाच्या बाहेर आहे. क्लॉडियसच्या अंत्यविधीत नीरोने जे गौरवपर भाषण केले, ते सेनेकानेच लिहून दिले होते, असे टॅसिटस सांगतो. त्यात मृत सम्राटाच्या दूरदृष्टीचा आणि शहाणपणाचा उल्लेख येताच श्रोत्यांना हसू आवरेना. त्याही आधी, क्लॉडियसने सेनेकाला कॉर्सिका बेटावर हद्दपार केले असताना, सुटकेच्या आशेने लिहिलेल्या एका सांत्वनपर ग्रंथात सेनेकाने याच सम्राटाची मनसोक्त स्तुती केली होती आणि त्याला स्वर्गाचे बोलावणे उशिरा यावे, अशी प्रार्थनाही केली होती. म्हणजे स्तुती, गौरवभाषण आणि उपहास ही तिन्ही एकाच लेखणीतून उतरली. नीरोही हसत होता. अळंबी हे देवांचे खाद्य आहे, असे तो म्हणे. गल्लियो हसत होता. सिनेट हसत होते. पण म्हणून देवत्वाचा ठराव कोणी मागे घेतला नाही. ज्या अग्रिपिनेवर विषप्रयोगाचा संशय होता, तीच नव्या देवाची पुजारीण झाली आणि सेलियन टेकडीवर तिने मंदिराचे काम सुरू केले. नीरोने पुढे ते जवळजवळ पाडले आणि व्हेस्पेशियनने पुन्हा उभारून पुरे केले. स्वतः व्हेस्पेशियननेही मरणशय्येवर, आपण आता देव होत आहोत असे वाटते, अशी थट्टा केल्याचे सुवेटोनियस नोंदवितो. मेल्यावर तो खरोखरच देव झाला! हसणारे तोंड आणि धूप घालणारे हात एकाच शरीराचे होते.

रोममध्ये जी थट्टा होती ती प्रांतांमध्ये थट्टा नव्हती. ब्रिटनमधील कॅमुलोदुनुम येथे क्लॉडियसच्या नावाने मंदिर उभे राहिले. त्याच्या पुरोहितपदापायी तेथील लोकांची मालमत्ता धुपून जात होती आणि ते मंदिर त्यांना कायमच्या गुलामीचा बालेकिल्ला वाटत होते, असे टॅसिटसने लिहिले आहे. इ.स. ६० च्या सुमारास राणी बूडिका हिच्या उठावात ते जाळले गेले. सेनेकाच्या हास्यात या लोकांचा आवाज कोठेही ऐकू येत नाही.

हास्यापलीकडचे उत्तर आले ते आशियातून. सम्राट तिबेरियसच्या मंदिराचा मान मिळावा म्हणून इ.स. २६ मध्ये अकरा नगरांनी रोमपुढे चढाओढ केली आणि तो मान स्मुर्णा नगराला मिळाला. प्रकटीकरणाच्या पुस्तकात ज्या सात मंडळ्यांना पत्रे आहेत, त्यांतील ही स्मुर्णा. इ.स. १५५ च्या सुमारास याच नगरात वृद्ध बिशप संत पॉलिकार्प याला पकडून नेत असताना अधिकारी त्याला समजावीत होते की, कैसर प्रभू आहे एवढे म्हणायला आणि धूप घालायला काय हरकत आहे? तो प्रश्न दुष्टपणाचा नव्हता. व्यवहारी माणसाचा होता, कदाचित कळवळ्याचाही. त्याआधी काही दशके बिथुनियाचा अधिकारी धाकटा प्लिनी यानेही ख्रिस्ती लोकांची पारख अशीच केली होती. सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करा, ख्रिस्ताला शिव्याशाप द्या आणि घरी जा. याच प्लिनीने आपल्या एका भाषणात, नीरोने क्लॉडियसला देव केले ते थट्टेसाठी, असे म्हटले आहे. म्हणजे हा धूप पोकळ आहे, हे मागणाऱ्यालाही ठाऊक होते. पोकळ आहे म्हणूनच घालायला हरकत नाही, असे सुशिक्षित रोमन मनुष्य म्हणे. पोकळ आहे म्हणूनच घालणार नाही, असे पॉलिकार्प म्हणाला आणि जळत्या चितेवर गेला.

या दोन भूमिकांमधील अंतर वाङ्मयातही उतरले. इ.स. १९७ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तेर्तुलियन याने ख्रिस्ती लोकांचा कैवार घेणारा ग्रंथ लिहिला. तोही सेनेकासारखाच बोचरा विनोद करतो. रोममध्ये देवाला देव होण्यासाठी माणसांची मान्यता मिळवावी लागते, असे तो हिणवतो. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. सम्राट स्वर्गाहून कमी आहे यातच त्याचे मोठेपण आहे आणि म्हणून आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करतो, त्याची प्रार्थना करीत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. जानुसचा अर्धवट सोडलेला प्रश्न येथे दीडशे वर्षांनी पुरा होतो. याच तेर्तुलियनने सेनेकाला ‘बहुधा आमचाच’ या अर्थाने गौरविले आणि संत जेरोमनेही त्याला आपल्या थोर लेखकांच्या यादीत जागा दिली. सेनेकाचे नीतिविचार त्यांना जवळचे वाटत होते. म्हणूनच तो उंबऱ्यापर्यंत येऊन थांबला, याची हळहळ अधिक वाटते.

येथे एक आक्षेप येईल आणि आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून तो आपण ऐकलेलाही असेल. तुमची ख्रिस्तसभा माणसांना संतपद देते, चौकशी करते, साक्षी घेते, वेदीवर प्रतिमा ठेवते. मग रोमच्या सिनेटने वेगळे काय केले? आक्षेप टाळण्याजोगा नाही. आराधना केवळ परमेश्वराची आणि संतांचा सन्मान करून त्यांची मध्यस्थी मागायची, ही धर्मशिक्षणातील शिकवण आपण जाणतो. पण सामान्य भक्ताच्या मनात ही रेघ कधी कधी पुसट होते, हेही आपण प्रामाणिकपणे कबूल करावे. रेघ स्पष्ट करण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मरण आले. तशी आज्ञा देणारा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी पुढच्याच वर्षी मरण पावला आणि १५९९ मध्ये त्याला अधिकृतपणे देवपद देऊन क्योतो येथे त्याचे मंदिर उभारण्यात आले. १६१५ मध्ये त्याच्या घराण्याचा पाडाव होताच तोकुगावा सत्ताधीशांनी ते देवपद रद्द केले. रोमपासून हजारो मैलांवर आणि पंधरा शतकांनंतर घडलेली ही क्लॉडियसचीच कथा आहे. सत्ता देव घडविते आणि दुसरी सत्ता त्याला मोडते. वसईच्या त्या साध्या फ्रान्सिस्कन बंधूला मात्र १८६२ मध्ये संतपद मिळाले, तेव्हा त्याच्यामागे ना सैन्य होते, ना खजिना, ना वारस. आणि तो देव आहे असे कोणी म्हटले नाही. देवासाठी तो मेला, एवढेच म्हटले.

आता साक्षीदारांकडे परत येऊ. रक्तसाक्षी या अर्थी आपण जो ग्रीक शब्द वापरतो, त्याचा मूळ अर्थ केवळ साक्षीदार असा आहे. नुमेरियस अ‍ॅटिकसने शपथ घेतली आणि दहा लाख घेतले. पॉलिकार्पने साक्ष दिली आणि प्राण दिले. सेनेका या दोघांच्या मध्ये उभा आहे. खोटी साक्ष त्याला ओळखता आली, तिला हसताही आले, पण भर सभेत ती नाकारणे जमले नाही. त्याची उपहासिका आजही वाचावी ती याचसाठी, कारण तो आपल्या फार जवळचा आहे. घरच्या ओटीवर पुढाऱ्याची यथेच्छ टिंगल करणारे आपण चव्हाट्यावर त्याच्या गळ्यात हार घालतो आणि एवढ्याने काय बिघडते, असे एकमेकांना सांगतो. हार घालणे आणि धूप जाळणे यांत अंतर आहे, हे खरे. परंतु ते अंतर किती, हे ज्याचे त्याने मोजायचे असते.

रोमच्या सेलियन टेकडीवर संत योहान आणि संत पौल या दोन रक्तसाक्षींच्या नावाने एक प्राचीन बॅसिलिका आहे. तिचा घंटेचा मनोरा ज्या दगडी अवशेषांवर उभा आहे, ते दिव्य क्लॉडियसच्या मंदिराच्या चौथऱ्याचे आहेत. सेनेकाच्या विनोदाने त्या चौथऱ्याचा एक दगडही हलला नव्हता.